‘रक्षक’ पी-५३ : एका रूपकाची चिकित्सा
डेव्हिड लेन यांनी १९९२ साली पी-५३ या प्रथिनास ‘जनुकसंचाचा रक्षक’ म्हटले आणि ते बिरुद पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. बिरुद आकर्षक खरे, परंतु त्यामुळे मूळ कार्य झाकोळते. पी-५३ मुख्यतः विशिष्ट जनुकांजवळील डीएनएशी संलग्न होऊन त्यांचे प्रतिलेखन वाढविते. निरोगी पेशीत एमडीएम-२ हे प्रथिन त्याचा सतत नाश घडविते; आणि मौज अशी, की एमडीएम-२चे जनुकही पी-५३च चेतविते. डीएनएला इजा होताच हे बंधन सुटते, पी-२१ वाढते व पेशीविभाजन थांबते. रक्षकाचे रूपक इथवर चालते. मात्र २०१२ साली उंदरांवरील एका प्रयोगात विभाजनरोध, पेशीमृत्यू व पेशीवार्धक्य घडविण्यास असमर्थ अशा उत्परिवर्तित पी-५३नेही थायमसमधील अर्बुदांना अटकाव केला. चयापचयाच्या जनुकांवरील त्याचा अंमल तेवढा शाबूत होता. ‘रक्षक’ या शब्दात त्या अंमलास जागाच नाही.