‘अस्तु’, पारो आणि रात्रीची सून

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या कानडी बोलणाऱ्या बायकोला, चन्नम्माला, आई म्हणू लागतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

पाहताना पारो आठवला. सीलच्या पिल्लासारखे हे जपानी यंत्र २००५ पासून विक्रीस आहे. भेदरलेल्या वृद्धांच्या मांडीवर ते ठेवतात. कुरवाळले की हुंकारते. यंत्र घडवणाऱ्यांनीही प्राणीच निवडला! चन्नम्माशी त्याची तुलना आम्हाला अपमानकारक वाटत नाही. “मला ओळखलंत का?” हा छळ दोघेही करत नाहीत, तो आपण घरचेच करतो.

पण चन्नम्माची माया पाहुणीची आहे. मुलीची, इराची, घुसमट चित्रपट दाखवतो. रोजचे जागरण मात्र निसटते. सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत मराठी विसरून दखनीवर आलेली दादी रात्री अडीचला “मेरे घर छोडो” म्हणत कडी काढते, तेव्हा उठते ती सूनच. तिला पारो मिळाला तर ती नाही म्हणेल? आपल्या कथाकारांनी तिला अजून विचारलेले दिसत नाही.