रिवाइंड करून पाहायची आग

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या फोनवर एक क्लिप येते. विमानवाहू नौकेच्या डेकवर ओळीनं उभी लढाऊ विमानं, मग एकदम झळाळ, काळा धूर, धावणारी माणसं आणि स्फोट. सगळं वीसेक सेकंदांत. लालबागच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवरही ती येऊन गेली. खाली डोळे विस्फारलेले इमोजी, आणि मग लगेच पाण्याच्या टँकरची चर्चा.

ही क्लिप ज्या चित्रपटात आहे तो मी मागच्या पावसाळ्यात पहिल्यांदा सलग पाहिला. ‘ट्रायल बाय फायर : अ कॅरिअर फाइट्स फॉर लाइफ’, १९७३. अमेरिकी नौदलानं स्वतःच्या खलाशांना शिकवण्यासाठी तो बनवला. २९ जुलै १९६७ला, व्हिएतनाम युद्धात, टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या नौकेवर आग लागली. डेकवरच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली, आणि तेच चित्रण या चित्रपटाचा कणा आहे. रील स्फोटापाशी संपते. चित्रपटाला मात्र स्फोटानंतरच्या माणसांमध्ये जास्त रस आहे.

घडलं ते असं. एका विमानावरचं रॉकेट विजेच्या झटक्यानं आपोआप सुटलं आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. पेटतं इंधन डेकवर पसरलं, त्यात एक बॉम्ब पडला. जेराल्ड फॅरिअर हा आग विझवणाऱ्या तुकडीचा प्रमुख. अंगात संरक्षक पोशाख नसताना तो पावडरचं नळकांडं घेऊन थेट त्या बॉम्बकडे धावला, तो तापू नये म्हणून. नव्या बॉम्बच्या हिशेबानं हाताशी काही मिनिटं होती. पण हा बॉम्ब जुन्या साठ्यातला होता. आग लागल्यापासून दीडेक मिनिटात तो फुटला. फॅरिअर गेला, आणि आगीशी लढायचं रीतसर शिक्षण घेतलेले त्याचे बहुतेक सहकारीही त्या पहिल्या तडाख्यात गेले.

मग उरलेली माणसं पाइप हातात घेतात. मला हा या चित्रपटाचा सर्वांत मोठा भाग वाटतो. कुणीही पळत नाही, पण शिकवलेलंही कुणाला नाही. एक गट पेटत्या इंधनावर फोम अंथरतो, म्हणजे हवा तुटून आग गुदमरावी. शेजारचा गट जिवाच्या आकांतानं पाणी मारतो आणि तोच फोम धुऊन काढतो. पेटतं इंधन डेकला पडलेल्या भोकांतून खाली उतरतं, जिथे रात्रपाळीची माणसं झोपली आहेत. ‘रात्रपाळी’ या शब्दाशी मी थांबलो. माझे आजोबा परळच्या गिरणीत तिसरी पाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. चाळीत दुपारी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम होता.

फॉरेस्टलवर १३४ माणसं मेली. चित्रपटात त्यांच्यासाठी रडकं संगीत वापरून आपल्याला हलवण्याचा खटाटोप नाही. निवेदक हेडमास्तरांसारखा कोरडा आहे. शूर माणसांची चूक दाखवताना तो कचरत नाही. आपल्याला हे निष्ठुर वाटेल. मला उलट वाटतं. मेलेल्या माणसाचा शेवटचा दीड मिनिट पुन्हा पुन्हा, बारकाईनं पाहणं, म्हणजे पुढचा वाचेल, हाही आदरच आहे. नॉरफोकच्या नौदल अग्निशमन शाळेला फॅरिअरचंच नाव दिलं आहे.

आपण काय करतो? २६ एप्रिल २०१९ला कारवार बंदरात शिरताना ‘विक्रमादित्य’वर आग लागली. लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान विझवायला पुढे गेले, धुरात कोसळले, वारले. बातम्यांतून माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच की त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. आग कशी वागली, ती कशी आटोक्यात आली, हे मला एका ओळीतही सांगता येणार नाही. लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’वर आपल्या नौदलाची माणसं आगीशी झुंजायला शिकतात. आम्ही लोणावळ्याहून चिक्की आणतो.

घराजवळचं उदाहरण त्याहून बोचरं आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळा एकत्र भरला होता. दुपारी धूर दिसला, बंबवाले आले, पाणी मारत राहिले. धोक्याचा माल असल्याचं सांगणारा लाल बावटा जहाजावर नव्हता. जहाज बुडवावं की बाहेर ओढून न्यावं, याचा निर्णय होईना. चार वाजून सहा मिनिटांनी ते फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी १४ एप्रिलला मानवंदना होते, ती व्हायलाच हवी. पण घराघरांत सांगितली जाते ती सोन्याची वीट छप्पर फोडून पारशीबाबाच्या घरात पडल्याची गोष्ट. लहानपणी मीही तीच ऐकली. बावट्याची गोष्ट मला कुणी सांगितली नाही.

इथेच मला ‘ट्रायल बाय फायर’ची मर्यादाही दिसते. त्याचा सगळा भर पाइप धरणाऱ्या हातांवर आहे. जुने बॉम्ब त्या नौकेवर चढवायचं वर बसलेल्या कुणी ठरवलं, तो प्रश्न त्याचा नाही. खालच्या माणसाला शिकवायला चित्रपट निघतात, वरच्यासाठी फाइल निघते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये बंबवाल्यांना फोम आणि पाण्याचा फरक शिकवून काय झालं असतं? त्यांना आधी जहाजात काय आहे हे कळायला हवं होतं.

आणि चित्रपट पाहणं म्हणजे शिकणं नव्हे. जुलै २०२०मध्ये सॅन डिएगोच्या बंदरात दुरुस्तीला लागलेली ‘बोनहोम रिचर्ड’ ही युद्धनौका चार दिवसांहून अधिक जळत राहिली आणि शेवटी भंगारात गेली. चौकशीत निघालं की फोम सोडणारं बटण कुणी दाबलंच नव्हतं. ते कुठे आहे आणि काय करतं, हे विचारलेल्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं. हे त्याच नौदलात, फॉरेस्टलनंतर ५३ वर्षांनी.

म्हणून हा चित्रपट पाहा, पण कापलेला नको, अख्खा पाहा. आणि जिथे माणसं चुकतात तिथे मागे नेऊन पुन्हा पाहा.

मी लिंक चाळीच्या ग्रुपवर टाकली. बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा. रात्री तळमजल्यावरच्या काकांचा मेसेज आला : “जिन्याखालच्या लाल नळकांड्यावरची तारीख बघून ये रे जरा.”

दोन सायकली आणि एक जुनी गादी बाजूला करून मी ती पाहिली. मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.