शब्दखुणा आणि ग्रंथपाल

खारदांड्याच्या कोळीवाड्यात वाळत घातलेला बोंबील इंग्रजी पुस्तकात 'बॉम्बे डक' होतो आणि प्राणिशास्त्रात 'हार्पाडॉन नेहेरियस'. समजा, तेथील एखाद्या शाळेच्या ग्रंथपालबाई संगणकावर प्रथमच शब्दखुणा वापरून पाहत आहेत. शब्दखूण म्हणजे वाचकाने पुस्तकाला स्वतःच्या शब्दांत लावलेली चिठ्ठी. ड्युई दशांश वर्गीकरणात मासे ५९७ या क्रमांकाखाली येतात, तर मासेमारी ६३९.२ खाली. मुलांना हे आकडे ठाऊक नसतात. बोंबील मात्र ठाऊक असतो. त्यांचा शब्द ग्रंथालयाच्या सूचीत यावा, हा या साधनाचा मोठा गुण आम्ही मानतो.

याचा उत्तम दाखला अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने घालून दिला. जानेवारी २००८ मध्ये तिने सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे 'फ्लिकर'वर ठेवली. लोकांनी खुणा लावल्या, स्थळे व माणसे ओळखली. ग्रंथपालांनी ती माहिती तपासली आणि मगच आपल्या सूचीत घेतली.

ही तपासणी गाळली तर काय होते? संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ नव्हे. 'बोंबील' आणि 'बोंबिल' या त्याच्या लेखी दोन निराळ्या खुणा. एक शोधणाऱ्याला दुसरीखालचे पुस्तक मिळत नाही. २००५ साली सुरू झालेल्या 'लायब्ररीथिंग'मध्ये समानार्थी खुणा एकत्र जोडता येतात. पण कोणत्या जोडायच्या हे माणसानेच ठरवायचे. बोंबील आणि बॉम्बे डक जोडावेत; जवळा आणि कोलंबी जोडू नयेत, कारण त्यांची कुळे वेगळी आहेत. हा विवेक साधनात नसतो.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. २००३ साली सुरू झालेल्या 'डिलिशस'ने शब्दखुणा लोकप्रिय केल्या. त्याची मालकी अनेकदा बदलली आणि २०१७ साली तेथे नव्या नोंदी करणे बंद झाले. म्हणून खुणांची एक प्रत ग्रंथालयाच्या स्वतःच्या नोंदवहीत असावीच.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्थान आहे. त्याच कसोटीवर हे साधन तपासावे. शिक्षकांनी वीस पुस्तके घ्यावीत, विद्यार्थ्यांकडून प्रत्येकाला तीन खुणा लावून घ्याव्यात आणि दुसऱ्या वर्गाला त्या खुणांवरून पुस्तके शोधायला सांगावे. जे पुस्तक सापडणार नाही, तेथे ग्रंथपालाचे काम सुरू होते.