मोजणी हवी, पाळत नको : कलासंस्थांचे शासकीय सर्वेक्षण आणि कलावंताचे खासगीपण

शासन जेव्हा कलासंस्थांचे सर्वेक्षण करते तेव्हा त्याच्या प्रश्नावलीकडे आपले समीक्षक ढुंकूनही पाहत नाहीत. तो कारकुनी मामला समजला जातो. वास्तविक प्रश्नावली हीही एक संहिताच असते. कोणता प्रश्न विचारला, कोणता टाळला, उत्तर कोणाच्या तोंडून घेतले आणि ते पुढे कोणाच्या हाती जाणार, यातून शासनाची कलावंताकडे पाहण्याची दृष्टी उघड होते. म्हणून जलसे, कलापथके, तमाशाचे फड आणि वस्तीतील नाट्यमंडळे यांच्याशी नाते सांगणाऱ्या चळवळीने ही संहिता नीट वाचली पाहिजे.

२०१७ साली केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने सांस्कृतिक मानचित्रणाचे अभियान हाती घेतले. कलावंत, कलाप्रकार आणि संस्था यांचा देशव्यापी माहितीसाठा तयार करणे हा त्याचा हेतू. करोनाच्या काळात, २०२१ साली, महाराष्ट्र शासनाने ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकरकमी मदत देण्याचा निर्णय घेतला. मदत द्यायची म्हणजे कलावंत कोण आणि कोठे आहे हे शासनाला ठाऊक हवे. यात गैर काही नाही. पण अशा प्रत्येक योजनेमागे एक यादी तयार होते. नाव, आडनाव, पत्ता, मोबाइल, बँकखाते, कधी जात. मदत एकदा मिळते आणि संपते. यादी मात्र दप्तरात राहते. तिचे पुढे काय होते, हा आपला प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. आमचा विरोध मोजणीला नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या मुळात किती, असाच वाद उभा राहिला. काही प्रांतांतून ती इतकी आटवून सांगितली गेली की जणू अस्पृश्यता तेथे नावालाच उरली होती. समितीचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतंत्र टिपण जोडून या आटवाआटवीला उत्तर द्यावे लागले. ज्यांची संख्या नाकारली जाते त्यांचा हक्कही नाकारला जातो, हे आपण तेव्हापासून जाणतो. सांस्कृतिक अनुदानात दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांच्या संस्थांचा वाटा किती, हे आकड्यांशिवाय सिद्ध होणार नाही. ‘कलेला जात नसते’ असे म्हणून जातीचा रकानाच गाळणारे सर्वेक्षण प्रस्थापितांच्या मक्तेदारीवर पांघरूण घालते.

परंतु आकडा वेगळा आणि यादी वेगळी. आकड्यात माणूस ओळखू येत नाही. यादीत तो नाव-गावासह सापडतो. आणि या देशात यादीचा इतिहास भला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या नोंदवह्या केल्या. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही होती. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे, नाचणे, वाद्य वाजवणे हा गुन्हा ठरवून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली गेली. म्हणजे आधी नाव वहीत गेले आणि त्या नोंदीच्या आधारे कला गुन्हा ठरली. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने नाटककार, छापखानदार आणि प्रयोगाच्या जागेचा मालक यांच्याकडून माहिती मागवण्याचा अधिकार सरकारला दिला. ती देणे त्यांच्यावर बंधनकारक होते. पहिला कायदा १९५२ साली गेला. दुसरा रद्द व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. एल्गार परिषदेच्या प्रकरणात २०२० साली कबीर कला मंचाच्या कलावंतांना यूएपीए कायद्याखाली अटक झाली. आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. पण हा सारा इतिहास ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्या शाहिराला ‘निःसंकोच माहिती द्या’ असे सांगण्यापूर्वी शासनाने आपली हमी दाखवली पाहिजे.

संस्थांच्या सर्वेक्षणात आणखी एक गुंता आहे आणि तो आपल्या घरातला आहे. उत्तर संस्था देते, माहिती मात्र माणसाची असते. फॉर्म भरतो सचिव. किती सभासद अनुसूचित जातीचे, किती स्त्रिया, किती अपंग, हे तो स्मरणाने आणि अंदाजाने लिहितो, वर सभासदांची यादी जोडतो. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव गाळून नुसते वडिलांचे नाव लावणारा ढोलकीवाला त्या यादीत असतो. त्याने आपली जात सांगितली ती सोबत्यांना, शासनाला नव्हे. काही कार्यकर्ते म्हणतील, जात लपवणे हा भ्याडपणा आहे. आपण ताठ मानेने सांगितले पाहिजे. खरे आहे. पण ताठ मानेने सांगणे म्हणजे स्वतःहून सांगणे. दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’मधून आपले जगणे मांडले तेव्हा काय सांगायचे आणि किती सांगायचे हे त्यांनीच ठरवले होते. दलित आत्मकथनाचे सामर्थ्य या निर्णयात आहे. दुसऱ्याने आपल्या वतीने रकाना भरून टाकणे हे त्याच्या अगदी उलट आहे. तेथे आपण पुन्हा बोलणारे न राहता ज्यांच्याविषयी बोलले जाते ते होतो.

‘नावे गुप्त ठेवली जातील’ एवढ्या आश्वासनाने भागत नाही. एखाद्या तालुक्यात शाहिरी जलसा करणारी, स्त्री प्रमुख असलेली संस्था एकच असते. अहवालात तिचे नाव छापले नाही तरी गावातले पोर बोट दाखवील. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याला हे कळले होते. वगळत-वगळत गेल्यावरही माहिती देणारा ओळखू येऊ नये अशा रीतीने आकडे मांडले पाहिजेत, असे तो म्हणतो. पण हे संरक्षण त्या कायद्याखाली रीतसर अधिसूचना काढून केलेल्या पाहणीला आहे. खात्याच्या साध्या परिपत्रकावर गोळा केलेल्या माहितीला ते आपोआप मिळत नाही.

मग नवा कायदा? खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. तो संगणकात गेलेल्या माहितीपुरता आहे. कागदी यादी कागदावरच राहिली तर ती त्याच्या कक्षेबाहेर. सार्वभौमत्व, सुरक्षा, सुव्यवस्था ही कारणे देऊन केंद्र सरकार कोणत्याही शासकीय यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा नागरिकाला संरक्षण देणाऱ्या मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत दिली गेली. माहिती अधिकाराला कात्री लावणारी तरतूद मात्र लगेच लागू झाली. खासगीपणाच्या नावाने साहेबाचे दप्तर आधी झाकले गेले आणि ढोलकीवाल्याचा पत्ता रांगेत उभा राहिला.

म्हणून चळवळीने आपल्या मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. अनुदानाचा अर्ज आणि सर्वेक्षण ही दोन कामे वेगळी ठेवावीत. उत्तर दिले नाही म्हणून मदत अडवली जाऊ नये. जात, लिंग, अपंगत्व यांची उत्तरे ज्याची त्याने भरून बंद पाकिटात द्यावीत आणि ‘सांगायचे नाही’ असाही एक रकाना असावा. नावाचे पान उत्तरांपासून तोडून ठेवावे आणि ते कधी नष्ट होणार ती तारीख प्रश्नावलीवरच छापावी. ही माहिती पोलिसांना दिली जाणार नाही, हे आश्वासनात नव्हे, आदेशात लिहावे. संख्या लहान असेल तेथे तालुके एकत्र करून जिल्हा किंवा विभाग दाखवावा. जाती एकत्र करून ‘इतर’ करू नये. नाहीतर संरक्षणाच्या नावाखाली आपण पुन्हा मोजणीतून नाहीसे होऊ.

कोणत्या संस्थेला किती अनुदान मिळाले हे मात्र जाहीरच असले पाहिजे. तो जनतेचा पैसा आहे आणि त्यात आपला वाटा कोणी खाल्ला हे आपल्याला कळले पाहिजे. शासनाचा व्यवहार उघड आणि माणसाचे जगणे त्याच्या स्वाधीन, अशी ही मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत आपल्या संस्थांच्या सचिवांनी निदान एक करावे : सभासदाला विचारल्याशिवाय त्याचे नाव कोणत्याही यादीत लिहू नये. शासनाकडे जी शिस्त मागायची ती आपल्या वहीपासून सुरू झाली पाहिजे.