राजीनाम्यानंतरचं वाक्य

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, की नोकरी सोडून लेखक कसं व्हायचं याचं मार्गदर्शन मिळणार आहे. तसं काही होणार नाही. मी इथे करिअर-सल्लागार म्हणून उभी नाही. मला एका लेखनप्रकाराबद्दल बोलायचंय.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंटरनेटवर ‘मी नोकरी सोडली’ असा एक लेखनप्रकारच तयार झालाय. इंग्रजीत त्याचे ढीग आहेत आणि मराठीतही तो आता चांगला रुळलाय. त्याचा आराखडा तुम्हाला पाठ असेल. काचेची इमारत, बरा पगार, रविवारी संध्याकाळी पोटात येणारा गोळा. मग एक दिवस राजीनामा. मग थोडी भीती, आणि शेवटी ‘मला माझा आत्मविश्वास सापडला’. हे लेख खूप वाचले जातात, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या क्षणी ऑफिसातच बसलेले असतात. (हशा)

टीकाकाराने इथे एक साधा प्रश्न विचारायचा असतो. सापडला म्हणता तो आत्मविश्वास लेखात दिसतो कुठे? तो लेखकाच्या मनात आहे की नाही हे मला कळायला मार्ग नाही. वाक्यात आहे की नाही, हे मात्र तपासता येतं.

आधी हे सांगते, की ही गोष्ट इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात इलिरिया नावाचं गाव आहे. तिथे शेरवुड अँडरसन छपराच्या रंगाचा धंदा चालवायचा. 28 नोव्हेंबर 1912 या दिवशी तो आपल्या ऑफिसातून उठला आणि चालत निघून गेला. चार दिवसांनी तो क्लीव्हलंडमध्ये सापडला, भ्रमिष्ट अवस्थेत. त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पुढे 1924 मध्ये आत्मकथन लिहिताना त्याने या प्रसंगाला वेगळाच रंग दिला. कलेसाठी धंद्यावर लाथ मारून जाणीवपूर्वक बाहेर पडलेला माणूस, असा. ही दंतकथा फार पसरली.

खरा क्रम काय होता? धंदा चालू असतानाच तो कादंबऱ्यांचे खर्डे लिहीत होता. बाहेर पडल्यावर तो शिकागोला गेला आणि पुन्हा जाहिरातीच्या नोकरीला लागला. त्या क्षेत्रातून तो 1922 च्या सुमारास कायमचा सुटला. आणि ज्या पुस्तकाने त्याचं नाव झालं ते ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ आलं 1919 मध्ये, म्हणजे तो जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरत असताना. त्या पुस्तकात रंगाचा कारखाना नाही की त्याचा राजीनामा नाही. लहानपण ज्या क्लाइड गावात गेलं, तसल्या गावातली अबोल, कोंडलेली माणसं आहेत. ती त्याला माहीत होती. त्या पुस्तकातला आत्मविश्वास आला तो या माहितीतून, दार ढकलून बाहेर पडण्यातून नव्हे.

आजचा ऑनलाइन लेखक अँडरसनसारखीच दंतकथा रचतो. फरक इतकाच, की अँडरसनने बारा वर्षं थांबून रचली आणि आपण बारा आठवड्यांत रचतो.

आता वाक्याकडे येऊ. कंपनी माणसाचा वेळ घेते हे सगळे म्हणतात. ती त्याच्या वाक्यातला कर्ता घेते, हे फारसं कुणी म्हणत नाही. ऑफिसची मराठी आठवा. ‘आपणांस कळविण्यात येते की’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. कोण कळवतंय? कोण करणार? माहीत नाही. क्रियापद आहे, पण त्याची जबाबदारी घ्यायला कुणी हजर नाही. इंग्रजी ईमेलातही हेच. कर्ता असलाच तर तो ‘टीम’ असतो किंवा ‘मॅनेजमेंट’. याला मी दुष्टपणा म्हणत नाही. मोठी संस्था चालवायला अशी भाषा सोयीची पडते. पण पंधरा वर्षं हीच भाषा लिहिली की हाताला वळण लागतं. ‘मी पाहिलं’, ‘मला हे चूक वाटतं’ असं लिहायला हात धजत नाही. नोकरी सोडलेल्या लेखकाची पहिली अडचण, माझ्या मते, ही व्याकरणाची आहे.

मग तो काय करतो? एकदम दुसऱ्या टोकाला जातो. आज्ञार्थात शिरतो. ‘स्वतःवर विश्वास ठेवा.’ ‘रोज पहाटे लिहा.’ ‘भीतीला मित्र बनवा.’ काल ज्याच्या वाक्यात कर्ता नव्हता, तो आज जगाला हुकूम सोडतोय. वाचकाला हा आत्मविश्वास वाटतो, पण नीट बघा. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ या वाक्यात लिहिणारा कुठेच नाही. ते कुणीही लिहिलं असतं तरी तसंच दिसलं असतं. म्हणजे हेही परिपत्रकच झालं, फक्त लेटरहेड बदललं.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरं वाक्य असतं, ज्याची जबाबदारी लिहिणारा घेतो. ‘मी अमुक पाहिलं, त्यावरून मला तमुक वाटतं.’ ते उघडं पडू शकतं, कुणी खोडून काढू शकतं. ते तसंच उभं ठेवता येणं, त्यालाच मी लेखकाचा आत्मविश्वास म्हणते.

दोन उदाहरणं घेऊ. पहिलं बेन थॉम्पसनचं. तंत्रज्ञान कंपन्यांचे धंदे कसे चालतात यावर त्याने ‘स्ट्रॅटेकरी’ हे लेखन 2013 मध्ये सुरू केलं. तेव्हा तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता. मग ऑटोमॅटिक या कंपनीत गेला, आणि 2014 मध्ये वर्गणी घेऊन पूर्णवेळ लिहायला लागला. क्रम लक्षात घ्या. आधी लिहिणं, मग वाचक, मग बाहेर पडणं. पुढे 2017 मध्ये सबस्टॅक निघाली तीही वर्गणीदार लेखकाच्या याच नमुन्यावर. त्याचे लेख वाचा. मतं पटोत न पटोत, तो ठाम विधान करतो, पुढे घडलेल्या गोष्टींशी ते ताडून बघतो आणि आपल्याच जुन्या लेखांचा हवाला देतो. आपण निर्भय झालो असं त्याला वारंवार सांगावं लागत नाही. त्याच्याकडे विषय आहे.

दुसरं उदाहरण पॉल मिलर्डच्या ‘द पाथलेस पाथ’चं. हा आधी मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांत होता, मॅकिन्झीतही. 2022 मध्ये त्याने हे पुस्तक स्वतःच प्रकाशित केलं. या प्रकारातलं हे प्रामाणिक पुस्तक आहे. नोकरी सोडल्यावर काही काळ फ्रीलान्स कन्सल्टिंग करत होतो, हे तो लपवत नाही. कामाबद्दलच्या आपल्या कल्पना मुळात आल्या कुठून, याचा तो शोध घेतो तिथे पुस्तक भक्कम उभं राहतं. पण जिथे वाट सोडणं हाच विषय होतो, तिथे पकड सुटते आणि सुभाषितं वाढतात. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही, तो प्रकाराचाच आहे. सोडणं ही घटना आहे. घटनेवर एक लेख होतो, फार तर दोन. सातव्या लेखात लेखकाला तोच राजीनामा पुन्हा द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. नोकरी सुटते, पण अप्रेझल सुटत नाही. पूर्वी वर्षातून एकदा साहेब आकडा द्यायचा. आता किती जणांनी उघडलं, किती जणांनी वर्गणी बंद केली, हे आकडे तासातासाला दिसतात. केव्हिन केलीचा 2008 मधला ‘हजार खरे चाहते’ हा निबंध या मंडळींचा आधारग्रंथच आहे. हिशोब सोपा. हजार चाहत्यांनी वर्षाला प्रत्येकी शंभर डॉलर दिले की एक लाख डॉलर झाले, पोट भरलं. यात चूक काही नाही. पण तो पोटाचा हिशोब आहे, आत्मविश्वासाचा नाही. दोन्हींची गल्लत झाली की लेखक आकड्याला आवडेल तेच लिहितो, आणि आकड्याला आवडतो तो आज्ञार्थ.

हे इतकं ताणून का सांगते? कारण हे लेख वाचून माणसं निर्णय घेतात. घराचे हप्ते असतात, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं असतात. ‘मी सोडली आणि मला सापडलं’ असं लिहिणारा जेव्हा साठवलेले पैसे, नवरा-बायकोचा पगार, मधल्या काळात घेतलेली छोटी कामं हे सगळं गाळतो, तेव्हा लेख नुसता अपुरा राहत नाही, तो वाचकाच्या खिशाला लागतो. मराठीत तर अर्धंअधिक साहित्य नोकरी सांभाळून लिहिलं गेलंय. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात काम करत होते. त्यांच्या वाक्यांना कुणाच्या राजीनाम्याची वाट बघावी लागली नाही.

तेव्हा असा लेख हातात आला की एक कसोटी लावा, आणि स्वतः लिहीत असाल तर आधी स्वतःच्या लेखाला लावा. लेखातून राजीनामा काढून टाका. तो परिच्छेदच खोडा. मग काय उरतं? गोदामात माल मोजायची पद्धत, औषधविक्रीच्या धंद्यातलं एखादं गुपित, रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये माणसं परदेशी नावं घेऊन कशी बोलतात हे? असं काही उरलं तर लेखक आहे, मग तो नोकरीत असो की बाहेर. काहीच उरलं नाही, तर त्याच्याकडे आज फक्त एक बातमी आहे. त्याने लिहू नये असं मी म्हणत नाही. त्याने त्या पंधरा वर्षांकडे परत जावं, तिथे काय पाहिलं ते आठवावं, आणि प्रत्येक वाक्यात ते कुणी पाहिलं हे लिहावं.

थांबते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.