मनोविश्लेषण आणि मराठी साहित्य

मानवी वर्तनामागील अनेक प्रेरणा अबोध असतात, हे मनोविश्लेषणाचे मूलभूत गृहीतक होय. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने स्वप्ने, बोलण्यातील चुका आणि मज्जाविकृतीची लक्षणे यांच्या आधारे ते मांडले. पुढे १९२३ मध्ये त्याने व्यक्तिमत्त्वाचे तीन घटक कल्पिले : तत्काळ तृप्ती मागणारा इदम्, वास्तवाचे भान राखणारा अहम् आणि मातापित्यांची नैतिक बंधने आत्मसात केलेला पराहम्.

मराठीत या विचाराचे पडसाद प्रामुख्याने कथात्म साहित्यात उमटले. बा. सी. मर्ढेकरांनी रात्रीचा दिवस (१९४२) या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचे तंत्र योजिले. गंगाधर गाडगीळ यांच्या नवकथेने घटनेपेक्षा मनोव्यापारांना महत्त्व दिले. तथापि संज्ञाप्रवाह म्हणजे अबोध मनाचे साक्षात चित्रण, हे समीकरण सदोष आहे. मुक्त साहचर्याच्या उपचारात रुग्णाने मनात येईल ते निवड न करता बोलावयाचे असते. कादंबरीकार मात्र प्रत्येक विचार निवडून त्याची जागा ठरवितो. स्वतः मर्ढेकरांची सौंदर्यमीमांसाही संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर, म्हणजे रचनेवरच, उभी आहे. म्हणून अशा कृतीकडे लेखकाच्या मनोविकाराचा पुरावा म्हणून पाहणे समीक्षेला घातक ठरते.

मनोविश्लेषणाचे सामर्थ्य आणि मर्यादा विजय तेंडुलकरांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (प्रथम प्रयोग १९६७) या नाटकात एकत्र दिसतात. वेळ घालविण्यासाठी मांडलेल्या लटक्या खटल्यात लीला बेणारे हिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि पाहता पाहता तिचे खाजगी आयुष्यच चव्हाट्यावर येते. थट्टेच्या आवरणाखाली निषिद्ध आक्रमकतेला वाट मिळते, हे फ्रॉइडने विनोदावरील ग्रंथात (१९०५) दाखविले होते. खेळातील भूमिकांच्या आडोशाने उफाळणाऱ्या क्रौर्याची उपपत्ती त्यावरून लागते. परंतु त्या संबंधातील विवाहित पुरुष खटल्यापासून दूर राहतो आणि अविवाहित स्त्री तेवढी दोषी ठरते, याचे कारण कोणा एका पात्राच्या बालपणात सापडत नाही. ते कुटुंबसंस्था आणि स्त्रीपुरुषांना लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या नीतिनियमांत शोधावे लागते. फ्रॉइडच्या अनेक सिद्धांतांची प्रायोगिक कसोटी घेणे कठीण असल्याचा आक्षेपही मानसशास्त्रज्ञ घेतात. साहित्यकृतीतील मौन, विसंगती व प्रतिमा यांकडे लक्ष वेधणारी एक दृष्टी म्हणून मनोविश्लेषण मोलाचे आहे. मात्र कृतीचे अंतिम मूल्यमापन त्यावर सोपविता येत नाही.