पाच ‘योग्य’ आणि एक दशांशचिन्ह

परिचर्येच्या विद्यार्थिनींना औषध देण्यासंबंधी पहिल्या वर्षापासून जे शिकवले जाते, त्याचा गाभा दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली, पाच ‘योग्य’ : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. दुसरी, मात्रेचे सूत्र : हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले आकारमान. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पाठ करायला सोप्या आहेत आणि परीक्षेत हमखास येतात. आमचा आक्षेप त्यांच्या खरेपणाला नाही. त्यांच्यापाशीच थांबणाऱ्या शिकवण्याला आहे.

एका परिचर्या महाविद्यालयात काही तास घेण्याची संधी आम्हाला मिळाली होती. तेथे आम्ही एक साधे उदाहरण घातले. दहा किलो वजनाच्या बाळाला ताप आहे. पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलीग्रॅम द्यायचे आहे. हाताशी थेंबांची बाटली आहे आणि तिच्या एका मिलीलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध आहे. किती मिलीलिटर द्याल? बहुतेकींचे उत्तर १.५ आले. काहींचे १५ आले. सूत्र बरोबर मांडलेले होते, फक्त दशांशचिन्ह घसरले होते. चूक झाली याचे आम्हाला नवल वाटले नाही. १५ लिहिताना कोणाचाच हात अडखळला नाही, याचे वाटले. अशा थेंबांची अख्खी बाटलीच बहुधा १५ मिलीलिटरची असते! म्हणजे तान्ह्या बाळाला पूर्ण बाटली पाजा, असे ते उत्तर सांगत होते. दहापट पॅरासिटामॉल पोटात गेले, तर यकृताला गंभीर इजा होण्याची भीती असते.

याच औषधाचे पातळ औषध पाच मिलीलिटरमध्ये १२५ मिलीग्रॅम या प्रमाणात मिळते, तसेच २५० मिलीग्रॅम या प्रमाणातही मिळते. आपल्या बाळाला १५० मिलीग्रॅम द्यायचे, तर पहिल्यातून ६ मिलीलिटर, दुसऱ्यातून ३ आणि थेंबांतून दीड. औषध तेच, मात्रा तीच, आकारमाने मात्र तीन. ‘दोन चमचे द्या’ या सूचनेला बाटलीवरचे प्रमाण वाचल्याशिवाय काहीच अर्थ नाही. संहती म्हणजे काय, हे एवढ्या एका उदाहरणातून समजते. सूत्रातून ते समजत नाही.

सूत्राची दुसरी मर्यादा इन्शुलीनच्या बाबतीत दिसते. आपल्याकडे मिलीलिटरला ४० युनिट असलेल्या बाटल्या वर्षानुवर्षे वापरात आहेत आणि १०० युनिटचे इन्शुलीनही मिळते. दोन्हींसाठी सिरिंजही वेगळ्या असतात : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. समजा, १०० च्या इन्शुलीनमधून २० युनिट द्यायचे आहेत. सूत्राप्रमाणे ०.२ मिलीलिटर, म्हणजे सिरिंजचा पाचवा भाग. परंतु हाती ४० ची सिरिंज आली आणि दट्ट्या ‘२०’ च्या खुणेपर्यंत ओढला, तर अर्धी सिरिंज भरते. त्यात असतात ५० युनिट, म्हणजे अडीचपट. अशा मात्रेने रुग्णाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वहीतले गणित अगदी बरोबर असते. पण पाचवा भाग हवा असताना अर्धी सिरिंज का भरली, हा प्रश्न डोळ्यांना पडायला हवा होता. तो पडावा म्हणून आपण काय शिकवले?

लिहिण्याच्या पद्धतीचेही असेच आहे. प्रयोगशाळेत आम्ही १ आणि १.० यांत फरक करतो. १.० मधले शून्य मोजमापाची अचूकता सांगते, आणि विज्ञानाचे शिक्षकही हेच शिकवतात. रुग्णालयाच्या कागदावर मात्र तेच शून्य घातक ठरते. टिंब पुसट झाले, की १.० चे १० होतात. उलट .५ असे न लिहिता ०.५ असेच लिहावे लागते, नाहीतर ५ वाचले जातात. युनिटसाठी लिहिलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने अशा खुणा टाळण्याची यादी २००४ सालापासून लागू केली. हे नियम पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागची कारणे विद्यार्थिनींनी एकदा स्वतः शोधलेली बरी.

आता पाच ‘योग्य’कडे वळू. मुक्कामाचे ठिकाण कोणते, हे ते सांगतात. तेथे पोचायचे कसे, ते सांगत नाहीत. ‘मात्रा योग्य असावी’ असे म्हटल्याने ती योग्य होत नाही. शिवाय चूक घडली, की हीच यादी दंडुका बनते : पाचांपैकी कोणते चुकलीस, सांग! रात्रपाळीला एकटीच असलेली, मिणमिणत्या दिव्याखाली सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांतून एक निवडणारी सिस्टर त्या यादीत कोठेच नसते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली एका गाजलेल्या अहवालात हेच मांडले. चुका बहुधा वाईट माणसांमुळे होत नाहीत. चूक सहज घडू देणाऱ्या व्यवस्थेमुळे होतात. उदाहरणार्थ, पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण सौम्य न करता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. तेव्हा ती कुपी वॉर्डच्या कपाटात न ठेवणे हा ‘काळजी घ्या’ या पाटीपेक्षा भक्कम उपाय आहे.

मग पाच ‘योग्य’ टाकून द्यायचे का? नाही. पण त्यांच्या जोडीला तीन सवयी हव्यात. आकडेमोडीपूर्वी उत्तराचा अंदाज बांधणे. प्रत्येक पायरीवर एककही लिहिणे. आणि दुसऱ्या व्यक्तीने पहिलीचे उत्तर न पाहता तेच गणित स्वतंत्रपणे करणे. उत्तर बघून मान डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे.

या सवयी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी अचानक लागत नाहीत. त्या सहावी-सातवीत, गुणोत्तर-प्रमाण आणि दशांश अपूर्णांक शिकताना लागतात. तेथे आपण उत्तर बरोबर आले, की पुढे सरकतो. ‘हे उत्तर शक्य आहे का?’ असे विचारत नाही. आपल्या वर्गातली एखादी मुलगी उद्या वॉर्डात सिरिंज हातात धरणार आहे. तेव्हा घरातली औषधाची एक रिकामी बाटली वर्गात न्यावी, तिच्यावरचे प्रमाण वाचायला लावावे आणि गणित करण्याआधी एवढेच विचारावे : ‘एक चमचा पुरेल, की अख्खी बाटली लागेल?’